पाठ गोविंदाची, चेहरा साहेबांचा

थर लावताना सगळे गोविंदे तोंड आतल्या बाजूला करून उभे राहतात. हात एकमेकांच्या खांद्यांत गुंफलेले, मान खाली, दातांत टी-शर्टची कॉलर. त्यामुळे रस्त्यावरच्या गर्दीला, स्टेजवरच्या पाहुण्यांना आणि चॅनेलच्या कॅमेऱ्याला दिसते ती फक्त पाठ. तळापासून एक्क्यापर्यंत पाठीच पाठी. या पाठीवर काय छापलेलं असतं? वर अर्धवर्तुळात पथकाचं नाव आणि त्याखाली जवळजवळ सगळी जागा व्यापून हात जोडलेला, हसरा नेता. कधी एक, कधी तीन, कधी नेता आणि त्याचे चिरंजीव. टी-शर्ट छापणाऱ्याला हे गणित पक्कं ठाऊक असतं. छातीवरची जाहिरात थरात दबून जाते, पाठीवरची दिवसभर चालते.

टेंभी नाक्यावर हे दरवर्षी ठळकपणे बघायला मिळतं. आनंद दिघे यांनी सुरू केलेली ही हंडी, जवळच त्यांचा आनंदाश्रम. २०२२ साली शिवसेना फुटली आणि जांभळी नाक्यावर राजन विचारे यांनी 'निष्ठेची हंडी' बांधली. दोन्ही नाक्यांमध्ये चालत फार तर दहा मिनिटांचं अंतर. दोन्ही स्टेजवर दिघे यांचाच फोटो, वारसा सांगणारे मात्र वेगवेगळे. निष्ठा कोणाची खरी यावर ठाण्यात तेव्हापासून पुष्कळ बोललं गेलं. ज्या पाठींवर ही निष्ठा छापून फिरवली जाते त्या पाठींना कोणी काही विचारलं नाही.

हा लेख त्या टी-शर्टबद्दल आहे. देशात संविधानावर एवढं संकट असताना टी-शर्टवर काय लिहिता, असं काही मित्र म्हणतील. त्यांनी 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' पुन्हा उघडावं. पेशवाईत अस्पृश्याच्या मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा असायचा, पुण्यात कमरेला झाडू, गळ्यात मडकं, हे बाबासाहेबांनी तिथे सुरुवातीलाच सांगितलं आहे. त्याच्या पुढेच इंदूरकडच्या बलाई समाजावर १९२८ साली लादलेले नियम आहेत: जरीच्या काठाचं पागोटं बांधायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. अंगावर काय असावं हे अंग ज्याचं आहे त्याने ठरवायचं नाही, दुसऱ्याने ठरवायचं. जात अशी चालते. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा लुगडं कसं नेसावं आणि कुठले दागिने टाकून द्यावेत हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. चवदार तळ्याच्या लढ्यात नेसण्याचा विषय कशाला, असं त्या बायकांना वाटलं नाही. त्यांनी तो लगेच अमलात आणला.

आता कोणी म्हणेल, काळा दोरा जबरदस्तीचा होता आणि टी-शर्ट पोरं हौसेने घालतात. फरक आहे, मान्य. हौस कशी तयार होते याकडे पुढे येतोच.

माझ्या ओळखीचा एक मुलगा डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, 'भावी नगरसेवक', हे सगळं त्याच्या हातून जातं. तो थरात उभा राहत नाही, पण आपल्या भागातल्या पथकाचा कट्टर चाहता आहे. गुरुपौर्णिमेला सराव सुरू झाला की रात्री मैदानात हजर, हंडीच्या दिवशी ट्रकच्या मागे बाइकवर. या मुलाला अमेरिकेतल्या आइस हॉकीचा नाद आहे, खेळापेक्षा जास्त त्यांच्या जर्सींचा. तिकडे चाहत्यांमध्ये एक छंद आहे: आपल्या आवडत्या संघाचं चिन्ह आणि जर्सी स्वतः नव्याने काढायची. संघाने मागितलेली नसते, पैसे मिळत नाहीत, तरी लोक रात्र रात्र बसून करतात. या मुलाने तेच आपल्या पथकासाठी केलं. मला दाखवलं, आणि त्यावरून आमचा जो वाद झाला त्यातून हे लिखाण आलं आहे.

तिकडचं एक उदाहरण त्यानेच पुढे केलं. शिकागो ब्लॅकहॉक्स हा १९२६ सालचा हॉकी संघ. मालकाने नाव दिलं ते पहिल्या महायुद्धातल्या स्वतःच्या लष्करी डिव्हिजनवरून, आणि त्या डिव्हिजनचं नाव सॉक जमातीच्या ब्लॅक हॉक या नेत्यावरून. १८३२ मध्ये आपल्या जमिनीसाठी अमेरिकेशी लढलेला माणूस. त्याच्या नावाच्या संघाच्या छातीवर पिसं लावलेलं, रंगवलेलं एका आदिवासी माणसाचं डोकं आहे. जमीन गेली, डोकं जर्सीवर आलं. तिथल्या मूलनिवासी संघटनांनी वर्षानुवर्षे हे मांडलं. २०२० साली वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाला आपलं शिवीवजा नाव सोडावं लागलं. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाने आधी दात विचकणारा लाल चेहरा काढला, मग 'इंडियन्स' हे नावही. शिकागोने मात्र नाव आणि चिन्ह दोन्ही ठेवलं, फक्त प्रेक्षकांनी पिसांचे मुकुट घालून मैदानात यायचं नाही एवढी बंदी केली. दरम्यान कितीतरी चाहत्यांनी डोक्याच्या जागी दुसरी चिन्हं काढून बघितली. संघावरचं प्रेम कायम ठेवूनही त्याचं चिन्ह नाकारता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आपल्याकडे उलटी गंमत आहे. तिकडे हरलेल्याचा चेहरा जिंकणाऱ्याने छातीवर मिरवला. इकडे वर बसलेल्याचा चेहरा खाली उभा असलेल्याच्या पाठीवर आला. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. ज्याचं अंग त्याला कोणी विचारलेलं नाही.

त्या मुलाने काढलेलं चिन्ह साधं आहे. दोन हात एकमेकांचे खांदे धरून, वरून बघितल्यासारखे, आणि मध्ये रिकामी जागा. म्हणजे तळाचा थर. बहुतेक पथकांच्या चिन्हात वर हंडी फोडणारा एक्का असतो किंवा बासरी, मोरपीस असतं. याने तळ घेतला. कारण विचारलं तर म्हणाला, वरच्याला सगळे बघतातच. चिन्ह एका रंगात छापता येतं, लांबून ओळखू येतं, पाठीच्या मधोमध एकच मोठं. त्याखाली घालणाऱ्याचं नाव. आडनाव नाही, फक्त नाव. कॉलरच्या आतल्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर. कापड डॉट-निट ऐवजी सुती, कारण पाणी पडल्यावर गुळगुळीत पॉलिस्टरवर पाय सरकतो आणि फोटोचा मोठा रबरी ठप्पा तर त्याहून निसरडा. खरं तर वर चढणारा पोरगा खालच्याच्या कमरेवर, पाठीवर पाय देऊनच चढतो, म्हणजे साहेबांच्या तोंडावर पाय ठेवूनच. हे फोटोत अनेकदा स्पष्ट दिसतं. याबद्दल अजून कोणाच्या भावना दुखावल्याचं ऐकलेलं नाही.

पथकातल्या मोठ्यांना डिझाइन आवडलं. मग एकच प्रश्न आला: पैसे कोण देणार?

तोच मुख्य प्रश्न आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पथकात कोण असतं ते बघा. कुरिअरवाला, हाउसकीपिंगचा, रिक्षा चालवणारा, मंडईत माल उतरवणारा, बारावी सोडलेला, कंत्राटी सफाई कामगाराचा मुलगा. आमच्या वस्त्यांतली पोरं त्यात भरपूर असतात, आणि अंगाने दणकट असली की तळाला असतात. दोनशे मुलांचे टी-शर्ट, दोन ट्रक, नाश्ता, जेवण, पट्टे, हेल्मेट, हा खर्च पथकाच्या आवाक्याबाहेरचा. तिथे कोणीतरी येऊन सांगतो, टी-शर्ट माझ्याकडून. दीड-दोनशे रुपयांच्या कापडात त्याला दिवसभर फिरणारा, थरारावर चढणारा, टीव्हीवर दिसणारा जिवंत बॅनर मिळतो. लाकडी चौकटीवरच्या बॅनरला महापालिकेची परवानगी आणि भाडं लागतं. माणसाच्या पाठीला काही लागत नाही.

या पाठीची किंमत सरकारने मात्र लावलेली आहे. १८ ऑगस्ट २०२२ रोजी दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला. गोविंदांना खेळाडूंच्या पाच टक्के राखीव जागांत स्थान देण्याची घोषणाही तेव्हाचीच. त्याबरोबर भरपाईचे आकडे आले: मृत्यू झाला तर १० लाख, दोन्ही हात किंवा पाय किंवा डोळे गेले तर साडेसात लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर ५ लाख. त्याच वर्षी विलेपार्ल्यात थर कोसळून जखमी झालेला विशीतला एक तरुण काही दिवसांनी वारला. दरवर्षी संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या आणि मुंबईच्या रुग्णालयांत जखमींचा आकडा वाढत जातो. अंगावर तोच टी-शर्ट असतो. स्ट्रेचरवर पालथं ठेवलं तर साहेब दिसतात.

खेळाचा दर्जा दिलात ना? मग खेळाचा नियम लावू या. जगात कुठल्या खेळात खेळाडूच्या पाठीवर त्याच्या नावाच्या जागी आमदाराचा फोटो असतो? हॉकीचंच घ्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये ओडिशा सरकार भारतीय हॉकी संघांचं प्रायोजक झालं. जर्सीवर शब्द आला 'ओडिशा'. तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनायक स्वतः शाळेत हॉकी खेळलेले, खेळाला पैसा देणारे, पण त्यांचा चेहरा जर्सीवर आला नाही. २०२४ मध्ये त्यांची सत्ता गेली, दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं, आणि 'ओडिशा' जर्सीवर राहिला. उलट नव्या सरकारने मुदत २०३६ पर्यंत वाढवली. चेहरा असता तर पहिल्याच आठवड्यात जर्सी बदलावी लागली असती. पैसा जनतेचा होता म्हणून नाव जनतेच्या राज्याचं, एवढी साधी समज तिथे दाखवली गेली. ठाण्यात टी-शर्टचा पैसा नेमका कोणाचा, हा प्रश्न विचारायला आपण कचरतो. आमदार-नगरसेवकाच्या घरी पैशाचं झाड नसतं.

दुसरं उदाहरण थेट आपल्या खेळाच्या भावंडाचं. स्पेनमधल्या कॅटलोनियात माणसांचे मनोरे लावतात, 'कास्टेल' म्हणतात. २०१० पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत. तिथल्या पथकांची ओळख त्यांच्या सदऱ्याच्या रंगावरून होते. विलाफ्रांकाचे हिरवे, वाल्सच्या जुन्या पथकाचे गुलाबी, बार्सिलोनाचे लाल. छातीवर पथकाचं छोटं चिन्ह, कमरेला लांब काळा पट्टा घट्ट गुंडाळलेला, जो पाठही सांभाळतो आणि चढणाऱ्याला पाय ठेवायला आधारही देतो. म्हणजे कपड्यातली प्रत्येक गोष्ट शरीरासाठी आणि पथकासाठी आहे. गावचा महापौर सज्जातून बघतो, टाळ्या वाजवतो, पण कोणाच्या पाठीवर बसत नाही. आपल्या जय जवान पथकाने १० ऑगस्ट २०१२ रोजी याच ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटरचा जागतिक विक्रम केला. उंचीत आपण त्यांच्या तोडीस तोड आहोत. सदऱ्याच्या बाबतीत मात्र अजून दुसऱ्याच्या अंगणात उभे आहोत.

प्रायोजकाला विरोध नाही. बाहीवर दुकानाचं नाव येऊ द्या, शाळेचं येऊ द्या, वडापाववाल्याचं येऊ द्या. तो वडापाववाला नंतर मत मागायला येत नाही. २०२३ पासून वरळीला प्रो-गोविंदा नावाची बंदिस्त सभागृहातली स्पर्धा भरते. तिथे बाजार आला आहे, आणि बाजाराची स्वतःची लबाडी असते हेही खरं. तरी बाजार पैशांच्या बदल्यात जाहिरात मागतो. नेता पैशांच्या बदल्यात भक्ती मागतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला तो आपण भाषणांत दर सहा डिसेंबरला सांगतो. तो इशारा दिल्लीसाठीच होता असं समजून गल्लीत विसरतो.

आता 'हौसे'कडे येतो. टेंभी नाक्याच्या परिसरात वाढलेले कितीतरी जण दिघे यांच्याबद्दल आजही मनापासून बोलतात. रात्री-अपरात्री दवाखान्यात मदत मिळाल्याच्या आठवणी घराघरांत आहेत. २००१ साली ते गेले तेव्हा जन्मलेलाही नव्हता असा मुलगा त्यांचा फोटो प्रेमाने घालतो. त्या प्रेमाची मी टर उडवणार नाही. आपल्या राजकीय मतभेदांना इथे आणण्याचं कारणही नाही. पण प्रेमाने घालायचा असेल तर स्वतःच्या पैशाने घाला ना. फोटो फुकट मिळाला की घातला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने फुकट दिला की तो घातला, यात प्रेम कुठे आहे? आणि बारकाईने बघा, गेलेल्या नेत्याचा फोटो वर छोटा असतो, हयात असलेल्याचा खाली मोठा. प्रेम वरच्यावर असतं, बिल खालच्याच्या नावाने फाडलं जातं.

२०१६ सालची गोष्ट आठवा. सर्वोच्च न्यायालयाने २० फुटांची आणि १८ वर्षांची मर्यादा कायम ठेवली. त्यावर नौपाड्यात मनसेच्या हंडीला कायदेभंगाची घोषणा छापलेले टी-शर्ट अंगावर आले. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा उठवली आणि १४ वर्षांखालील मुलांना मनाई एवढंच उरलं, ते सोडा. मुद्दा टी-शर्टचा आहे. कायदेभंग हा मोठा शब्द आहे. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्यावर गेले, पहिली ओंजळ त्यांची होती. आणि तिथे तर कायदा आपल्या बाजूने होता, बोले ठराव १९२३ सालीच झाला होता, मोडायची होती ती रूढी. नौपाड्यात घोषणा पक्षाची होती, पाठ पोरांची. वरून पडलं असतं तर हाडंही पोरांचीच.

आता आपल्या माणसांचा आक्षेप. जयभीमवाल्याने दहीहंडीच्या टी-शर्टची चिंता का करावी? बावीस प्रतिज्ञांतली दुसरीच राम-कृष्णाविषयी आहे. हा सण आपला नाही, पोरांना तिथून बाहेर काढा, टी-शर्ट कसला सुधारता? मी प्रतिज्ञा मानतो, हंडीला हात जोडत नाही. पोरांना बाहेर काढण्याचं काम करावं हेही मान्य. पण गेली कित्येक वर्षं आपण हे भाषणात सांगतो आणि पोरगं श्रावणात मैदानावर सरावाला जातं. का जातं? कृष्णासाठी जातं असं मला वाटत नाही. तिथे दीड महिना रोज रात्री त्याला कोणीतरी नावाने हाक मारतं, त्याच्या खांद्याची गरज असते, तो नसला तर थर लागत नाही. आपल्या विहारात त्याला हे मिळतं का? आपल्या मंडळात त्याच्यासाठी खुर्च्या लावण्यापलीकडे काय काम असतं? मिळेल तेव्हा तो येईल. तोवर तो जिथे आहे तिथे त्याच्या अंगाचा मालक तोच असावा, एवढं मागायला प्रतिज्ञा आड येत नाहीत. गिरणीत कोणाचा देव होता हे बघून बाबासाहेबांनी कामगारांचे प्रश्न हातात घेतले नव्हते.

आणि आपण कुठे वेगळे आहोत? चौदा एप्रिलला कोर्टनाक्यावरच्या पुतळ्याला अभिवादन करायला निघणाऱ्या मंडळांचे टी-शर्ट बघा. पुढे बाबासाहेब, आणि पाठीवर? तिकीट मागणारा इच्छुक. निळ्या कपड्यावर छापला म्हणजे चेहरा आंबेडकरी होत नाही. काही ठिकाणी बाबासाहेबांचा फोटो सौजन्य देणाऱ्याच्या फोटोपेक्षा लहान असतो. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचं निवडणूक चिन्ह हत्ती होतं, माणसाचा चेहरा नव्हता, याची आठवण ठेवणारे आता थोडे उरले. गोविंदाला शहाणपण शिकवण्याआधी जयंतीच्या टी-शर्टवरून ही मंडळी उतरवा, असं कोणी मला म्हणालं तर मी त्याच्याबरोबर आहे.

रंगाचा वाद मी मुद्दाम बाजूला ठेवतो आहे. २०१९ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध क्रिकेट संघाने नारिंगी जर्सी घातली तेव्हा भगवीकरणाची ओरड झाली, आणि हिरवा-निळा-भगवा असा तोच खेळ सुरू झाला. त्या मुलाने पथकासाठी करडा आणि निळा निवडला. मी सांगितलं, निळा काढ, नाहीतर पथकातली अर्धी पोरं घालणार नाहीत आणि चर्चा रंगावर अडेल. तो म्हणाला, भारतीय हॉकी संघ निळा घालतो तेव्हा कोण अडतं? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, पण मत बदललेलं नाही.

नावाच्या बाबतीत मात्र तो माझ्या पुढे आहे. परदेशात जर्सीवर आडनाव असतं. आपल्याकडे आडनाव छापणं म्हणजे जात छापणं. ठाण्यात भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही विचारा, 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नाचा अर्थ काय असतो. भारतीय महिला हॉकी संघातल्या बऱ्याच मुलींच्या पाठीवर पहिलं नाव असतं: राणी, सविता, वंदना. ३१ जुलै २०२१ रोजी टोकियोत वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. चार दिवसांनी उपांत्य सामना अर्जेंटिनाविरुद्ध हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले, नाचले, संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो असं म्हणाले. पोलीस केस झाली. अंगावर देशाची जर्सी, छातीवर भारताचं चिन्ह, पाठीवर नुसतं 'वंदना', तरी गल्लीला जात पाठ होती. म्हणजे नुसत्या टी-शर्टने काय होतं याची मर्यादाही तिथेच दिसते. शंभर वर्षांपूर्वी पळवणकर बाळू हिंदूंच्या संघातून खेळायचा, गोलंदाजीवर सामने जिंकून द्यायचा आणि पुण्यात चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात. सदरा एक होता, कप वेगळा होता.

तरीही पहिलं नाव छापा असं मी म्हणतो. थरात ज्याच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्याचं आडनाव विचारायची सोय नसते, ती सोय कपड्यानेही करून देऊ नये.

आणि चिन्ह, नाव स्वतः ठरवण्याचा आग्रह आपल्या परंपरेत नवा नाही. १९२८ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला भारताने हॉकीचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं त्या संघाचा कर्णधार जयपालसिंह मुंडा. खुंटीजवळच्या गावातला आदिवासी मुलगा, ऑक्सफर्डला हॉकीचा 'ब्लू' मिळवलेला. त्याच्या संघाला इंग्रज राजवटीच्या नावाने खेळावं लागलं. पुढे १९३६ साली बर्लिनला अंतिम सामन्याआधी खेळाडूंनी कपडे बदलण्याच्या खोलीत लपवून आणलेल्या तिरंग्याला सलामी दिली आणि मग जर्मनीला ८-१ ने हरवलं, कारण अधिकृत झेंडा त्यांचा नव्हता. हेच जयपालसिंह पुढे संविधान सभेत बाबासाहेबांबरोबर बसले. तिथे त्यांनी आपल्या लोकांसाठी दुसऱ्यांनी सुचवलेले 'बनजाति'सारखे शब्द नाकारले आणि 'आदिवासी' याच शब्दाचा हट्ट धरला. कोणी म्हटलं असेल, शब्दाने काय होतं. आज 'वनवासी' म्हणणाऱ्यांची धडपड बघितली की कळतं काय होतं.

पथकाच्या बैठकीत आता एक तोडगा चर्चेत आहे. दोनशे जणांनी सरावाच्या काळात आठवड्याला वीस-वीस रुपये टाकले तर टी-शर्टचे पैसे स्वतःचे निघतात. सहा-सात आठवड्यांचा सराव असतो, हिशेब जवळपास जुळतो. ज्याला जमत नाही त्याचे बाकीचे भरतील. ट्रक आणि जेवणाला प्रायोजक घ्यायचा, पण त्याचं नाव ट्रकवर, माणसावर नाही. तळाच्या थरातल्यांना सगळ्यात आधी विचारायचं, असं ठरलं आहे, कारण आजवर त्यांना सगळ्यात शेवटी उरलेल्या साइजचे मिळत आले. दोघांनी विरोध केला. साहेब नाराज होतील, पुढच्या वर्षी सलामीला बोलावणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ही भीती खोटी नाही, आणि त्यावर बैठकीत अजून मार्ग निघालेला नाही.

डिझाइनची कोरलमधली फाइल तयार आहे. दुसऱ्या कुठल्या पथकाला किंवा जयंती मंडळाला चिन्हाची जागा मोकळी ठेवून ती वापरायची असेल तर तो मुलगा पैसे न घेता द्यायला तयार आहे. एकच अट आहे, पाठीवर फोटो टाकायचा नाही.

जयभीम.